फाइल जपायची तर नुसती कॉपी पुरत नाही

जुने ठराव, इतिवृत्ते, छायाचित्रे स्कॅन करून हार्ड डिस्कवर टाकली की काम झाले, असे आम्हा कार्यकर्त्यांनाही वाटत असे. पण डिस्क बंद पडते, फाइल नकळत बिघडते, आणि काही वर्षांनी ती उघडणारे सॉफ्टवेअरच मिळत नाही.

यासाठी कॅनडातील आर्टिफॅक्च्युअल सिस्टिम्सने तयार केलेले 'आर्काइव्हमॅटिका' हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. ते प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे जणू अंगठ्याचा ठसा, नोंदवते. पुढे ठसा जुळला नाही तर फाइल बदलली हे कळते. शिवाय फाइलचा प्रकार ओळखून, मूळ प्रत तशीच ठेवून, ते टिकाऊ प्रकारातली दुसरी प्रत बनवते.

त्याला परवाना शुल्क नाही. कंपनी उद्या बंद पडली तरी कोड सर्वांच्या हातात राहतो. मात्र सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतोच. हे न जमणाऱ्या छोट्या संस्थांनी निदान चेकसम नोंदवावेत, तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि वर्षातून एकदा तपासाव्यात. आपली कागदपत्रे आपण जपली नाहीत, तर उद्या पुरावा कुठून आणणार?