हाताला काम, रानाला पाणी

शेतकरी म्हणतो मजूर मिळत नाही, मजूर म्हणतो काम मिळत नाही. दोन्ही तक्रारी एकाच पारावर, एकाच दिवशी ऐकायला मिळतात आणि दोघेही खरंच बोलतात. खुरपणीच्या दिवसांत आणि सोयाबीन काढणीला अख्खा गाव पालथा घातला तरी माणूस सापडत नाही. तेच सोयाबीन एकदा घरात आले की कोरडवाहू गावात नोव्हेंबर ते मे असे सात महिने हाताला काय? म्हणून तर दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडची बिऱ्हाडे कोयते घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. शाळेतली पोरेही बरोबर जातात.

देशाची लोकसंख्या १४० कोटींवर गेली. रोजगाराचा विषय निघाला की सगळे कारखान्यांकडे बोट दाखवतात. कारखाने हवेतच, पण देशातल्या दर शंभर कामकऱ्यांपैकी ४५ च्या आसपास माणसे अजून शेतीवरच आहेत आणि त्या शेतीचे तुकडे पडत चालले आहेत. महाराष्ट्रात १९७०-७१ च्या कृषी गणनेत सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती, म्हणजे साडेदहा एकर. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली, सव्वातीन एकर. तेवढ्यात एका घराला वर्षभर काम पुरत नाही, दोन भावांचे तर नावच नको.

या प्रश्नाला उत्तर शोधायला महाराष्ट्राने फार आधी सुरुवात केली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग करून पाहिला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये राज्यात ५० लाखांच्या घरात माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या वेळची सुकडी जुन्या माणसांच्या आजही तोंडी आहे. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पैसा कुठून आणला हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. शहरातल्या पगारदारावर, व्यापाऱ्यावर व्यवसाय कर बसवला आणि तेवढीच भर सरकारने घातली. देशाचा २००५ चा कायदा याच वाटेने आला.

तरीही एक बोलले पाहिजे. नुसती मजुरी वाटली म्हणजे रोजगार झाला असे नाही. खडी फोडून ढीग लावले, पावसाळ्यात रस्ता वाहून गेला, पुढच्या वर्षी त्याच रस्त्यावर पुन्हा मुरूम टाकला, असे पुष्कळ झाले. ज्या कामाने पुढचे काम तयार होते, तेच काम खरे.

साधा हिशेब बघा. डोंगरउतारावर ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल समतल चर खणला, तर दर १०० मीटरला १८ घनमीटर माती निघते. ही आज मिळणारी मजुरी. तोच चर पावसात एकदा काठोकाठ भरला की १८ हजार लिटर पाणी अडले, म्हणजे १२ हजार लिटरचे दीड टँकर. एका पावसाळ्यात तो कितीदा तरी भरतो आणि जिरतो. खालच्या विहिरीला पाणी टिकले की माणूस रब्बीला हरभरा, कांदा धरतो. मग पेरणी, खुरपणी, काढणी आली आणि त्या सात महिन्यांतले तीन-चार महिने गावातच भरले. चराची पातळी मात्र चुकता कामा नये. पाण्याच्या नळीने आखून घ्या, नजरेच्या अंदाजाने खणलेला चर एका कोपऱ्यात फुटतो आणि खालची घळ आणखी वाढवतो.

नगर जिल्ह्यातल्या (आताच्या अहिल्यानगरच्या) हिवरे बाजारने हेच केले. १९९० नंतर पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तिथे सरकारी योजनांतूनच डोंगरावर चर, बांध आणि झाडे झाली. त्याबरोबर गावाने बोअरवेल आणि ऊस-केळीवर बंदी घातली, हे आपण सोयीस्कर विसरतो. पोटासाठी बाहेर गेलेली कुटुंबे परत आली, ती या दोन्हींमुळे.

फळबागेचेही तसेच. १९९० मध्ये राज्याने फळबाग रोजगार हमीला जोडली आणि शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानातले खड्डे खणण्याची मजुरी मिळू लागली. आंब्याचे हेक्टरी १०० खड्डे, सीताफळाची ५ बाय ५ मीटरवर ४०० झाडे. बाग धरती झाली की छाटणी, तोडणी, प्रतवारी, भरणी ही कामे दरसाल निघतात. बारावी झालेला पोरगा कुदळ धरणार नाही, त्याला नावे ठेवून उपयोग नाही. पण तोच कलमे बांधायला शिकतो, द्राक्षपट्ट्यात छाटणीची टोळी घेऊन जातो, डाळमिल चालवतो. या कामाला हातही लागतात आणि डोकेही.

आता राहिला यंत्राचा प्रश्न. खडक फोडायला जेसीबी लावा, कोण नको म्हणेल? पण मातीकामात रात्री यंत्र फिरवायचे आणि हजेरीपटावर माणसे दाखवायची, हे गरिबाच्या ताटातले काढून घेणे आहे. ग्रामपंचायत सदस्यांनी याकडे डोळेझाक करू नये.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात १०० ऐवजी १२५ दिवसांची हमी आहे आणि पेरणी-काढणीच्या ऐन दिवसांत वर्षाकाठी ६० दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची तरतूद आहे. शेतकऱ्याला मजूर मिळावा हा त्यातला हेतू. पण हे ६० दिवस कोणते, हे आपल्या भागातल्या पिकांवरून ठरले पाहिजे. भाताच्या आणि कापसाच्या गावाचे दिवस एकच कसे असतील? ग्रामसभेने हे वेळेवर लिहून कळवावे.

मजुरांनी कामाची मागणी तोंडी करू नये. अर्ज द्यावा आणि तारखेची पोच घ्यावी. पोच नसेल तर मागणी केली होती हे दाखवता येत नाही. गावाने कामांची यादी आराखड्यात आधीच घालून ठेवावी, नाहीतर मजूर तयार असतो आणि काम मंजूर नसते. फळबागेचे खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्यावेत, पावसाआधी शेणखत आणि पोयट्याने भरावेत. कलमे लावायची ती जमिनीत चांगली ओल झाल्यावरच.