झोपेतून उठलेल्या संगणकाची दातखीळ

मिरजेहून मामीचा फोन आला तो तक्रार घेऊनच. "अरे, याची दातखीळ बसलीय. रात्री झाकण मिटलं तेव्हा चांगला बोलत होता. आता ती बाई नुसतं तोंड हलवतेय." 'हा' म्हणजे लॅपटॉप आणि 'बाई' म्हणजे लाडवाची कृती सांगणारी. आवाजाची पट्टी पार वर होती, स्पीकरच्या चिन्हावर फुलीही नव्हती. "स्पीकर जळला का रे?"

रात्री धडधाकट असलेला स्पीकर सकाळी गप्प झाला, तर जळण्याचा संशय सगळ्यांत शेवटी घ्यावा. झाकण मिटून उघडण्याच्या दरम्यान संगणकात बरंच काही घडून गेलेलं असतं.

झोपेत मेमरीला जेमतेम वीज मिळत राहते, म्हणून सकाळी उघडी फाइल जिथल्या तिथे सापडते. इतर भागांची वीज मात्र तोडली जाते, आणि त्यात बहुधा आवाजाची चिपही असते. तिला कोडेक म्हणतात. फाइलमधल्या आकड्यांचा विद्युतप्रवाह करणं हे तिचं काम. कुठली वाट उघडी, कुठली बंद, आवाज किती, हे सगळं ती रजिस्टर नावाच्या बारक्या खणांत टिपून ठेवते. वीज गेली की ती पाटी कोरी. उठल्यावर ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रामने सगळं पहिल्यापासून लिहून द्यायचं असतं, आणि यातली एखादी ओळ सुटू शकते. इंटेलने २००४ साली आणलेल्या हाय डेफिनिशन ऑडिओ पद्धतीत कोडेकबाहेरचा अ‍ॅम्प्लिफायर चालू-बंद करायला एकच बिट आहे. लॅपटॉपच्या स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर बहुधा त्याच्याच ताब्यात असतो. ते बिट लिहायचं राहिलं, तर पट्टी हलते, गाणं पुढे सरकतं आणि स्पीकर ढिम्म. अशा वेळी हेडफोन लावून बघावा. त्यात ऐकू आलं, तर निम्मा तपास तिथेच संपला.

पण काही वेळा हे मौन मुद्दाम पाळलेलं असतं. गणपतीच्या मांडवातला स्पीकरवाला आठवा. अ‍ॅम्प्लिफायर तो सगळ्यांत शेवटी चालू करतो आणि बंद मात्र सगळ्यांत आधी. क्रम चुकला की मांडवभर 'ठप्प' असा दणका बसतो. तोच दणका चिमुकल्या रूपात संगणकातही दडलेला असतो. वीज येताच आवाजाच्या वाटेतले कपॅसिटर भरू लागतात, त्या झटक्याने स्पीकरचा पडदा उडी मारतो आणि कानात 'टप्प' वाजतं. म्हणून वीज स्थिरावेपर्यंत तोंड बांधून ठेवायचं आणि मग सोडायचं, अशी रीत आहे. लिनक्समधली अल्सा ही १९९८च्या सुमाराला सुरू झालेली आवाजाची यंत्रणा तर यात फारच सोवळी. मुळात तिच्यात सगळ्या वाटा मुक्याच असतात. अल्सामिक्सर उघडला की उभ्या पट्ट्यांच्या तळाशी 'एमएम' अशी जोडी दिसते. 'एम'ची कळ दाबली की तिथे दोन शून्यं उमटतात, आणि खोलीत आवाज. संगणक बंद होताना ही स्थिती फाइलमध्ये जपली जाते आणि सुरू होताना परत लावली जाते. रात्री बाळ झोपलं म्हणून तुम्ही तोंड बांधलं असेल, तर सकाळी तो ते इमानाने बांधूनच उठेल. मला यात यंत्राचा दोष दिसत नाही.

हेडफोनच्या भोकाचाही एक खोडसाळपणा असतो. पिन आत गेली हे तिथला संपर्क ओळखतो आणि स्पीकर बंद करवतो. त्यात धूळ किंवा ओल अडकली, की पिन नसतानाही ती आहे असाच भास. काही जुन्या मॅकबुकच्या त्याच भोकातून प्रकाशाच्या रूपात डिजिटल आवाजही निघे. आतली बारीक कळ अडकली की भोकातून लाल उजेड डोकवायचा आणि स्पीकर मुका व्हायचा. पिन दोन-चारदा आतबाहेर करणं हा उपाय गावठी वाटतो, पण पुष्कळदा लागू पडतो.

एवढ्यानं भागलं नाही, तर लोक संगणक बंद करून पुन्हा चालू करतात. इथे एक मेख आहे. २०१२च्या विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असेल, तर 'शट डाउन' म्हटल्यावर तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर उतरवून ठेवतात आणि सकाळी तीच उचलून आणतात. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच परत येतो! 'रीस्टार्ट'ला मात्र सगळं नव्याने मांडलं जातं. बंद करण्यापेक्षा रीस्टार्ट जास्त खोल, हे ज्यांनी ठरवलं त्यांनी नावं तरी उलटी द्यायची.

मामीकडून हे सगळं करवून घेतलं. भोक पुसलं, रीस्टार्ट झालं, बाई तशीच मुकी. मग सुचलं की आवाज निघतोय, पण भलतीकडे जातोय. उठल्यावर संगणक जोडलेली साधनं नव्याने मोजतो. एचडीएमआयच्या तारेने मॉनिटर जोडला असेल, तर त्याला स्पीकर आहे की नाही याची पर्वा न करता कधी कधी आवाज तिकडेच वळतो. "मामी, खाली कोपऱ्यातल्या स्पीकरवर टिचकी मार, त्याच्या शेजारचा बाण दाब आणि यादीत कुणाचं नाव निवडलंय ते वाच."

ती चष्मा शोधायला उठली तेवढ्यात गच्चीवरून मामांची हाक ऐकू आली. सकाळी फिरताना ते कानात ब्लूटूथच्या बिया घालतात. त्या कधी काळी याच लॅपटॉपला जोडल्या होत्या.

"अगं, फोन खिशात बंद आहे, आणि माझ्या कानात कोणीतरी दोन वाट्या बेसन भाजायला सांगतंय!"