टॉम जोन्स वाचला, बाकीच्यांचं काय?

पनवेलला राहण्याचा एक फायदा आहे. सीएसएमटीची लोकल इथूनच सुटते, त्यामुळे खिडकीपाशी जागा मिळते आणि पुढचा सव्वा तास आपला असतो. गेले दोन महिने मी तो वेळ एका जाडजूड इंग्रजी कादंबरीला दिला. हेन्री फील्डिंगची ‘टॉम जोन्स’, प्रकाशन 1749, एकूण अठरा भाग. विज्ञान शाखेच्या मुलीनं हे का वाचावं, असं मैत्रिणीनं विचारलंच. कारण अगदी साधं होतं: हसायला येतं म्हणून. पण वाचता वाचता मी माझ्या पीएचडीच्या विषयाशीच येऊन पोचले. ते कसं, ते आज सांगते.

आधी गोष्ट थोडक्यात. ऑलवर्दी नावाचा सज्जन जमीनदार बऱ्याच दिवसांनी लंडनहून घरी येतो. झोपायला जातो तर अंथरुणात एक तान्हं बाळ. कोणाचं, पत्ता नाही. तो ते वाढवतो, तोच टॉम. पोरगा मोठा होतो. मनानं उमदा, पण भानगडी करण्यात एक नंबर. शेजारच्या जमीनदाराच्या सोफियावर त्याचं प्रेम बसतं. पण ‘टाकलेल्या पोराला’ मुलगी कोण देणार? पुढे चुगल्या होतात, टॉमला घराबाहेर काढलं जातं. मग रस्त्यावरच्या खाणावळी, मारामाऱ्या, चुकामुकी, पाठलाग. शेवटी उलगडा होतो की टॉम हा ऑलवर्दीच्या सख्ख्या बहिणीचाच मुलगा. मग वारसा मिळतो, सोफिया मिळते, सगळं गोड.

आता पहिल्या रात्रीचा प्रसंग नीट बघा. ऑलवर्दी घर सांभाळणाऱ्या विल्किन्सबाईंना बोलावतो. बाई म्हणतात, पोराला टोपलीत नीट गुंडाळून चर्चच्या कारभाऱ्याच्या दारात ठेवू. बाहेर पाऊस-वारा आहे, पण सकाळी कोणाच्या नजरेस पडेपर्यंत ते जगेल याची शक्यता त्या चक्क सट्ट्याच्या भाषेत सांगतात: दोनास एक. म्हणजे तीनात दोन वेळा जगेल, एकदा नाही. तोवर बाळानं ऑलवर्दीचं बोट धरलेलं असतं, आणि बाईंचं गणित बाजूला पडतं.

वाचक इथे हसतो. मीही हसले. मग वाशीच्या खाडीपुलावर डोक्यात आलं की ही तर सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिसची पहिलीच ओळ आहे.

माझा विषय दोन मिनिटांत

मी सांख्यिकीत काम करते. सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस म्हणजे एखादी घटना घडेपर्यंत किती वेळ जातो, याचं गणित. रुग्ण किती दिवस जगला, बल्ब किती तास चालला, सगळं यात येतं. ऐकायला सोपं वाटतं. घोळ होतो तो अर्धवट माहितीमुळे.

एक उदाहरण घेऊ. एका अनाथालयात दहा बाळं आली. पहिल्या महिन्यात दोन दगावली. महिन्याच्या शेवटी दोघांना नातेवाईक घेऊन गेले, पुढचं काही कळलं नाही. राहिली सहा. दुसऱ्या महिन्यात त्यातली तीन गेली. तर दोन महिने जगण्याचं प्रमाण किती?

एक जण म्हणेल, दहातली पाच गेल्याचं माहीत आहे, म्हणजे 50 टक्के जगली. दुसरा म्हणेल, ज्यांचं माहीत नाही ती दोन सोडूनच द्या, आठातली तीन उरली, म्हणजे 37.5 टक्के. दोघंही चुकतात. पहिल्यानं ‘माहीत नाही’ याचा अर्थ ‘जिवंत’ असा घेतला. दुसऱ्यानं ती दोन बाळं पहिला महिना नक्की जगली होती, ही हातातली माहिती फेकून दिली. बरोबर पद्धत टप्प्याटप्प्याची: पहिला महिना पार करणारे 10 पैकी 8, म्हणजे 0.8. दुसऱ्या महिन्यात नजरेसमोर असलेल्या 6 पैकी 3, म्हणजे 0.5. गुणाकार 0.4. उत्तर 40 टक्के. ही पद्धत कॅप्लन आणि मायर यांनी 1958 मध्ये मांडली आणि आज वैद्यकीय संशोधनात ती रोजची आहे.

लंडनच्या वह्या

टॉमच्या काळातल्या खऱ्या टाकलेल्या बाळांचं काय झालं? याचं उत्तर आपल्याकडे आहे, कारण कोणीतरी वह्या नीट ठेवल्या.

थॉमस कोरम नावाचा एक जहाजाचा कप्तान होता. लंडनच्या रस्त्यांवर टाकलेली बाळं बघून त्याला राहवेना. सतरा वर्षं खेटे घातल्यावर 1739 मध्ये त्याला राजाची सनद मिळाली आणि 1741 मध्ये फाउंडलिंग हॉस्पिटलनं पहिली बाळं घेतली. हॉस्पिटल नाव असलं तरी ते अनाथालयच. जागा कमी, आया जास्त, म्हणून काही काळ पिशवीतून रंगीत गोळे काढायला लावून प्रवेश ठरायचा. पांढरा गोळा आला तर बाळ आत, काळा आला तर परत.

आत घेतलेल्या बाळाला नंबर मिळायचा आणि नवं नाव. आईनं ओळखीसाठी दिलेली खूण, बहुतेक वेळा कापडाचा तुकडा, नोंदीच्या कागदाला टाचून ठेवायचे. पुढे कधी आई परत आली, तर ओळख पटावी म्हणून. 1741 ते 1760 या काळात 16,282 बाळं आली. त्यातली परत नेली गेली फक्त 152. बाकीच्या कापडाच्या तुकड्यांना कोणी विचारायला आलं नाही.

1756 मध्ये पार्लमेंटनं पैसा दिला, पण अट घातली की येईल त्या बाळाला घ्यायचं. पहिल्याच दिवशी 117 बाळं आली. 1760 मध्ये हे बंद होईपर्यंत आकडा 14,934 वर गेला. त्यातली शिकाऊ म्हणून कामाला लागण्याच्या वयापर्यंत पोचली सुमारे 4,400. म्हणजे दहातली तीन.

विल्किन्सबाईंचा अंदाज होता एका रात्रीपुरता, तीनात दोन. वह्यांचा हिशेब बालपणाचा आहे, दहात तीन. दोन्ही आकडे एका तागडीत घालता येणार नाहीत, पण टॉमची गोष्ट एवढी खेळकर का आहे हे त्यातून कळतं. गोष्ट त्याचीच लिहिली जाते जो जगतो. याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. ‘पूर्वीची माणसं नव्वद वर्षं जगायची’ असं आपण म्हणतो ना, तेव्हा पाळण्यातच गेलेली भावंडं मोजायची राहून जातात. तसंच हे.

आता पुण्यात या

असं घर आपल्याकडेही होतं. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात गंज पेठेतल्या आपल्या राहत्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. निमित्त होतं काशीबाई नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेचं. जोतीरावांचे मित्र गोवंडे यांच्याकडे ती स्वयंपाक करायची. एका शास्त्र्यानं तिला फसवलं. पोट लपवता येईना, बाळंत झाल्यावर तिनं बाळाला मारून विहिरीत टाकलं. तिला जन्मठेप झाली, काळ्या पाण्याची. शास्त्र्याला काही झालं नाही.

फुल्यांनी मग ब्राह्मण वस्तीत भिंतींवर कागद लावले: विधवांनो, इथे येऊन गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुमच्या मर्जीवर.

1884 मध्ये मलबारी यांच्या बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यावरच्या टिपणांवर मत देताना जोतीरावांनी या घराचा हिशेब लिहिला आहे. तोवर आलेल्या गरोदर विधवा 35. त्यांची मुलं जिवंत 5, गेलेली 30. कारणही त्यांनी दिलंय: गर्भ लपवायला किंवा पाडायला आयांनी घेतलेली विषारी औषधं.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसले. सातात एक. लंडनपेक्षाही वाईट. म्हणजे फुल्यांचं घर कमी पडलं का?

नाही. इथेच माझा विषय कामाला येतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

कुठल्याही सर्व्हायव्हल अभ्यासात पहिला प्रश्न असतो: घड्याळ कधी सुरू केलं? लंडनमध्ये घड्याळ सुरू होतं दारात, बाळ जिवंत आत आल्यावर. पोटातच गेलेली, जन्मल्या जन्मल्या गेलेली, रस्त्यातच गेलेली बाळं त्या वहीत येतच नाहीत. आमच्या भाषेत याला लेफ्ट ट्रंकेशन म्हणतात. सोप्या मराठीत सांगायचं तर, दारापर्यंत न पोचलेल्यांचं वहीत पानच नाही. टॉमसुद्धा ऑलवर्दीच्या अंथरुणात सापडतो तो जिवंत आणि धडधाकट. त्याआधीचे नऊ महिने कादंबरीत शेवटी उलगडतात.

फुल्यांनी घड्याळ आधी सुरू केलं, आई गरोदर असतानाच. जी बाळं लंडनच्या वहीत कधीच आली नसती, ती पुण्याच्या हिशेबात आली आणि गेलेली म्हणून मोजली गेली. म्हणून 35 पैकी 5 आणि दहातली तीन यांची तुलना होऊ शकत नाही. शिवाय पुण्याची बाळं किती दिवसांची होऊन गेली, जगलेली पाच तेव्हा किती वयाची होती, हे त्या एका ओळीत नाही. त्यामुळे वर केला तसा टप्प्याटप्प्याचा गुणाकार करता येत नाही. पण एक गोष्ट नक्की कळते: मदत बाळापर्यंत नाही, आईपर्यंत पोचायला हवी, आणि तीही ती औषध घ्यायच्या आधी. भिंतीवरचा कागद हे काम करत होता. ज्या बाया त्याआधीच औषध घेऊन बसल्या होत्या, त्यांना उशीर झाला होता.

पुण्याचा टॉम

असंच एका विधवेचं मूल फुल्यांनी 1874 मध्ये दत्तक घेतलं. त्याचं नाव यशवंत.

यशवंत शिकला, डॉक्टर झाला. त्याच्या लग्नाच्या वेळी मात्र सोफियाच्या वडिलांचाच प्रश्न पुण्यात उभा राहिला: याला मुलगी कोण देणार? सत्यशोधक समाजाचे ग्यानोबा ससाणे यांनी आपली राधा दिली. सावित्रीबाईंनी तिला लग्नाआधीच घरी राहायला आणलं होतं, दोघांची ओळख व्हावी म्हणून. 1889 मध्ये, भटजीशिवाय, सत्यशोधक पद्धतीनं लग्न लागलं. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात लग्नाआधी नवरा-नवरीला एकमेकांशी बोलू देणं! फील्डिंगच्या सोफियाला एवढ्यासाठी घरातून पळून जावं लागलं होतं.

पण एक फरक मला सगळ्यात मोठा वाटतो. टॉमला वारसा मिळतो तो रक्ताचं नातं उघड झाल्यावर. यशवंतचं रक्ताचं नातं नाही, हे पहिल्यापासून सगळ्यांना माहीत होतं. जोतीरावांनी 1887 मध्ये मृत्युपत्र नोंदवून त्याला वारस केलं. तरी 1890 मध्ये जोतीराव गेले, तेव्हा टिटवं कोणी धरायचं यावरून भाऊबंद अडून बसले. दत्तक मुलगा कसा धरणार? तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं आणि अग्नी दिला.

1897 च्या प्लेगात पुण्याबाहेर रुग्णांवर उपचार करणारा डॉक्टर होता यशवंतच. तिथे रुग्णांना आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या. यशवंतचं नाव आपल्याला माहीत आहे, कारण तो जगला आणि डॉक्टर झाला. त्या तीस बाळांना नावंही नाहीत. उरला आहे तो एक आकडा, आणि तोही जोतीरावांनी स्वतःच्या घराबद्दल वाईट दिसेल याची पर्वा न करता लिहून ठेवला म्हणून. संशोधन करणाऱ्या माणसाला यातून शिकण्यासारखं खूप आहे.

हे आज का सांगतेय

कारण घड्याळ कधी सुरू करायचं, हा प्रश्न संपलेला नाही. बाळ कचरापेटीपाशी सापडलं की बातमी होते आणि खाली प्रतिक्रिया येतात: ‘कसली आई!’ आपलं घड्याळ कचरापेटीपाशी सुरू होतं. त्याआधी त्या मुलीला काय माहीत होतं, कोणी सांगितलं होतं का, हे कोणी विचारत नाही.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा आणि इतरांना सांगा. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार, मूल सांभाळणं शक्यच नसेल तर आई-वडील ते बाल कल्याण समितीकडे रीतसर सोपवू शकतात, आणि निर्णयाचा फेरविचार करायला त्यांना दोन महिने मिळतात. परिस्थितीमुळे मूल द्यावं लागलं तर तो गुन्हा धरत नाहीत. आणि अडचणीतल्या मुलांसाठी फोन नंबर आहे 1098, तो चोवीस तास चालू असतो.

फुल्यांनी कागद भिंतीवर लावला होता. तुम्ही हा नंबर तुमच्या सोसायटीच्या फलकावर लावलात तरी चालेल. मी आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टशेजारी लावलाय.

पुढच्या लेखात: वहीत नोंदच नसलेल्यांचा अंदाज सांख्यिकी कसा बांधते. काही अडलं तर नक्की विचारा, वरचं दहा बाळांचं गणित परत समजावून सांगायला मला आवडेल.