साखरपुड्याची अंगठी: २२ कॅरेटचा हट्ट नको

साखरपुड्याची अंगठी घ्यायला निघालं की घरची मोठी माणसं हटकून सांगतात, "२२ कॅरेटचीच घ्या." साधं वळं असेल तर अगदी बरोबर. पण हिरा बसवायचा असेल तर माझं मत १८ कॅरेटला. २२ कॅरेट, म्हणजे ९१६ सोनं मऊ. हिरा धरून ठेवणारे बारीक प्रॉन्ग रोजच्या वापरात वाकतात, झिजतात आणि खडा कधी निसटला ते कळतही नाही. १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के सोनं आणि बाकी तांबं-चांदीसारखे धातू, म्हणून पकड टिकते.

हॉलमार्क बघाच: बीआयएसचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. हा क्रमांक दुकानातच 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकून पाहा. लाजू नका, चांगला सराफ रागावत नाही.

बिलावर सोन्याचं निव्वळ वजन, हिऱ्याचं वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. हिऱ्याचा कॅरेट वेगळा बरं का, तो वजनाचा: १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम.

लॅबमध्ये घडवलेला हिराही कार्बनचाच, तितकाच कठीण आणि बराच स्वस्त. मला तो आवडतो, पण परत विकताना फार आशा ठेवू नका. मोती मात्र रोजच्या अंगठीत नकोच, लगेच ओरखडे पडतात.

आणि बोटाचं माप संध्याकाळी द्या. सकाळच्या गारव्यात बोटं बारीक असतात, तेव्हा घेतलेली अंगठी दुपारी रुतते.