‘तू जा, पाटी मी बघते’

‘आपल्या एका मताने काय होणारे?’ हे वाक्य आमच्या वयाच्या मुलींच्या तोंडी हमखास असतं. अशा मैत्रिणींना मी हल्ली लायबेरियाची गोष्ट सांगते. पश्चिम आफ्रिकेतला हा छोटा देश. तिथे २००५ साली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली.

त्याआधीच्या चौदा वर्षांत यादवीने देशाची पार वाताहत झाली होती. लहान पोरांच्या हाती बंदुका, बायकांवरचे अत्याचार तर नित्याचेच. अखेर २००३ मध्ये लेमा बोवी हिच्या पुढाकाराने ख्रिस्ती आणि मुसलमान बायका पांढरे कपडे घालून राजधानी मन्रोवियात मासळी बाजाराजवळ ठाण मांडून बसल्या. ऊन बघितलं नाही, पाऊस बघितला नाही. मागणी एकच, लढाई थांबवा! त्याच वर्षी शांतता करार झाला.

मग आली निवडणूक. एकीकडे जॉर्ज विया, जगभर गाजलेला फुटबॉलपटू, तरुण पोरांचा हिरो. दुसरीकडे एलेन जॉन्सन सरलीफ, सदुसष्टीच्या, हार्वर्डला शिकलेल्या, तुरुंगही पाहिलेल्या. पहिल्या फेरीत विया पुढे होता. पण बायकांची तयारी मतदार नोंदणीपासूनचीच. बाजारात बसणारी बाई धंदा सोडून नाव नोंदवायला जाणार कधी? तर दुसऱ्या बायका तिचा माल सांभाळायच्या, कडेवरचं पोर घ्यायच्या आणि तिला पाठवायच्या. काही आयांनी तर वियावेड्या लेकांची मतदार कार्डंच गायब केली, असं हेलीन कूपर या पत्रकार बाईंनी लिहिलंय. (हे मात्र मला पटलं नाही हं. मत ज्याचं त्याचं!)

८ नोव्हेंबरच्या दुसऱ्या फेरीत सुमारे ५९ टक्के मतं मिळवून सरलीफबाई जिंकल्या. आफ्रिका खंडात निवडणुकीने राष्ट्राध्यक्ष झालेली पहिली स्त्री! २००७ मध्ये आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या शंभरावर जणी संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर तिथे गेल्या. बाईंच्या कार्यालयाबाहेर पहारा द्यायला आपल्या मुली, वाचूनच छाती फुगते ना?

पुढचं सगळं गोडच झालं, असं नाही. मुलांना मोठी पदं दिल्याबद्दल बाईंवर टीका झाली, लेमा बोवीही दुरावली. पण २०१८ मध्ये त्यांनी खुर्ची सोडली ती निवडून आलेल्या वियाकडेच. आणि २०२३ मध्ये विया थोडक्या मतांनी हरला, तेव्हा त्यानेही जिंकणाऱ्याला फोन करून अभिनंदन केलं. जिथे सत्ता बंदुकीने बदलायची, तिथे साधा एक फोन!