मृत्यू किती टळले?
जुनाट आजार आणि सार्वजनिक उपाय : लेखांक ६

उपायाला खर्च किती, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. पण मुळात उपाय लागू पडतो हे ठरवायचं कसं? याची फार मोलाची उदाहरणं आपल्याच घरची आहेत, मुंबईची आणि उस्मानाबादची (आताचं धाराशिव).

टाटा स्मारक रुग्णालयानं १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. वस्त्यांचे २० गट पाडले. १० गटांत दर दोन वर्षांनी तपासणी, अशा चार फेऱ्या. उरलेल्या १० गटांत फक्त कर्करोगाची माहिती. (त्या स्त्रियांना तपासणी का दिली नाही, यावर पुढे बरीच टीका झाली. ती मला रास्त वाटते. निष्कर्ष मात्र त्यानं खोटे पडत नाहीत.) तपासणाऱ्या बायका दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या. गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच, लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि कुठे पांढरा डाग उठतो का ते पाहायचं. बारा वर्षांनी हिशेब केला तेव्हा तपासलेल्या गटांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते.

याच बायका याच स्त्रियांचे स्तनही हातानं तपासत होत्या. तिथे चित्र वेगळं. गाठी लवकरच्या अवस्थेत सापडू लागल्या. एवढ्यावर एखाद्या आरोग्य खात्यानं यशाची जाहिरात छापली असती. पण वीस वर्षांनंतर मोजलेली मृत्यूंमधली घट सरसकट १५ टक्के भरली, आणि तीही निव्वळ योगायोगाची असू शकेल इतकी कच्ची. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मात्र घट जवळजवळ ३० टक्के होती. पन्नाशीच्या आत फायदा दिसलाच नाही. आजार लवकर सापडणं आणि माणूस वाचणं यांत केवढं अंतर असू शकतं, ते इथे दिसतं.

आता उस्मानाबाद. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या सहभागानं जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले होते. एका गटाची एचपीव्ही या गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची), तिसऱ्याची व्हिनेगरची. चौथ्याला नेहमीची आरोग्यसेवा. तपासणी एकदाच. आठ वर्षांत चौथ्या गटात या कर्करोगानं ६४ मृत्यू झाले, तर त्याहून थोड्या मोठ्या एचपीव्ही गटात ३४. व्हिनेगर आणि पॅप या दोन्ही गटांत खात्रीनं सांगावी अशी घट आढळली नाही.

म्हणजे मुंबईत तारणारं व्हिनेगर उस्मानाबादेत हरलं? तमिळनाडूत दिंडिगुल जिल्ह्यात तर परिचारिकांनी एकाच फेरीत मृत्यू ३५ टक्क्यांनी उतरवले होते. माझा कल असा की फरक द्रवात नाही, त्याच्या आगेमागे जे घडतं त्यात आहे. डाग ओळखणं नजरेवर अवलंबून. एका फेरीत निसटलेली बाई मुंबईत पुढच्या तीन फेऱ्यांत सापडू शकत होती. दिंडिगुलमध्ये दोष दिसला की पुष्कळदा त्याच भेटीत तो भाग गोठवून उपचार उरकत. विषाणूची चाचणी महाग, पण माणसाच्या नजरेचा भरवसा धरायची गरज तिला कमी. शिवाय ती निर्दोष आली तर पुढची काही वर्षं निश्चिंती.

केंद्र सरकारनं २०१६ मध्ये तिशीपुढच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हिनेगर तपासणीचं धोरण आखलं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या जेमतेम २ टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी तरी झाल्याचं आढळलं. या घडीला व्हिनेगर की विषाणू, या वादापेक्षा मला हा आकडा जास्त बोचतो. डाग दिसलेल्या बाईला तालुक्याला कोण नेणार, त्या दिवसाची मजुरी कोण भरणार, तिथे डॉक्टर भेटणार का, हे ठरवल्याशिवाय दोन्ही चाचण्या कागदावरच राहतील.

पुढच्या आठवड्यात रक्तदाब. तिथे गोळी स्वस्त आहे, निदान सोपं आहे, आणि तरी रुग्ण दुसऱ्या महिन्यात दवाखान्याकडे फिरकत नाही.