नालेसफाई म्हणजे पूरनियंत्रण नव्हे : पावसाच्या पाण्याचा आराखडा आपणही वाचायला शिकूया

मे महिना उजाडला की मुंबईत नालेसफाईच्या टक्केवारीच्या बातम्या सुरू होतात. इतके टक्के गाळ निघाला, इतका बाकी आहे, अधिकाऱ्यांनी पाहणी केली. मग पहिला मोठा पाऊस येतो आणि दरवर्षीच्याच वस्त्यांत, दरवर्षीच्याच घरांत पाणी शिरते. पंचनामे होतात आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा टक्केवारी. २०२५ साली तर पावसाने मे अखेरची मुदतसुद्धा पाळली नाही. २६ मे रोजीच मान्सून मुंबईत दाखल झाला आणि भुयारी मेट्रोच्या नव्याकोऱ्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले.

गाळ काढायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण शहराचे पाणी कुठून कुठे जाणार, किती जाणार आणि जिथे मावणार नाही तिथे कुणाच्या घरात थांबणार, हे गाळ ठरवत नाही. ते आराखडा ठरवतो. म्हणून वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येक तरुणाला हा आराखडा समजला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

एका तासात किती पाणी?

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमते. एक हेक्टरवर तासाभरात ५० मिमी पाऊस पडला, तर पाच लाख लिटर पाणी होते. म्हणजे दहा हजार लिटरचे ५० टँकर, तेही एका तासात.

मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या तासाला २५ मिमी पाऊस धरून आखल्या होत्या. शिवाय त्यातले निम्मे पाणी जमिनीत मुरेल, असेही गृहीत होते. म्हणजे एका हेक्टरमागे साडेबारा टँकर. तेव्हा मैदाने, वाड्या, खाजणे शिल्लक होती. आज सगळीकडे काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक असल्याने मुरायला जागाच उरलेली नाही. १९८५ च्या पुरानंतर अभ्यास झाला आणि १९९३ साली ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल आला. त्याने तासाला ५० मिमी पाऊस आणि सगळे पाणी वाहून जाणार, असा हिशेब धरला. साडेबाराऐवजी ५० टँकर, म्हणजे चौपट क्षमता लागणार होती.

अहवाल बराच काळ पडून राहिला. मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. मुंबईत ४०० हून अधिक माणसे गेली. त्यानंतर डॉ. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि ब्रिमस्टोवॅडच्या कामांना केंद्राकडून निधी मिळाला. अहवाल आणि अंमलबजावणी यांच्यामध्ये बारा वर्षे आणि एक महापूर गेला, हे आम्ही विसरू नये.

भरती असेल तर पाणी जाणार कुठे?

मुंबईचे पावसाचे पाणी शेवटी समुद्रात किंवा खाडीत जाते. पण अनेक वाहिन्यांची तोंडे भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. मोठी भरती आली की समुद्राचे पाणीच वाहिनीत शिरू पाहते. नाला कितीही स्वच्छ असला तरी त्या काही तासांत तो वाहत नाही, तुंबतो.

याला उपाय म्हणजे नाल्याच्या तोंडाशी दरवाजे आणि आतले पाणी उचलून समुद्रात टाकणारे मोठे पंप. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही उदंचन केंद्रे त्यासाठी उभी राहिली. मोगरा आणि माहुल ही मात्र वर्षानुवर्षे रखडली. ज्यांचा नाला या रखडलेल्या केंद्रांवर अवलंबून आहे, त्यांना नालेसफाईची टक्केवारी सांगून काय उपयोग?

साखळी एका कडीने तुटते

गल्लीतले गटार, रस्त्याखालची वाहिनी, मोठा नाला, रेल्वेखालची मोरी, खाडीचे तोंड ही एक साखळी आहे. साखळीतला सर्वांत अरुंद तुकडा जेवढे पाणी नेतो, तेवढेच सगळी साखळी नेते. वरचा नाला रुंद केला आणि रेल्वेखालची मोरी तशीच ठेवली, तर पाणी अधिक वेगाने मोरीपर्यंत येते आणि तिथल्या वस्तीत पसरते. एकाचा पूर कमी करून दुसऱ्याचा वाढवणे याला सुधारणा म्हणता येत नाही.

हिंदमाता परिसर बशीसारखा खोलगट आहे. आजूबाजूचे पाणी तिथे उतरते. केवळ वाहिन्या आणि पंप पुरेना, तेव्हा जवळच्या मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधण्यात आल्या. पाऊस आणि भरती एकत्र आल्यावर पाणी तिथे साठवायचे आणि ओहोटीला सोडायचे. पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरू लागले, पण साचणे संपलेले नाही. टाकीलाही मर्यादा असते.

म्हणून आराखड्याची सुरुवात वॉर्डाच्या हद्दीपासून करून चालत नाही, पाणलोटापासून करावी लागते. पाणी वॉर्ड ओळखत नाही. हा विचार आपल्याला नवा वाटू नये. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याबरोबर पाटबंधारे आणि वीज हे विषयही बाबासाहेबांकडे होते. दामोदर आणि ओडिशातील नद्यांच्या पुरांचा प्रश्न त्यांच्यासमोर आला, तेव्हा फक्त बांध घालण्यावर न थांबता अख्ख्या खोऱ्याचा एकत्र विचार करण्याची भूमिका त्यांनी मांडली. शहरातल्या नाल्यालाही तोच नियम लागू आहे.

अतिक्रमण कुणाचे?

मिठी नदी विहार आणि पवईच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून निघते आणि माहीमच्या खाडीला मिळते. विमानतळासाठी तिचा प्रवाह वळवला, तिला काटकोनी वळणे दिली गेली. वांद्रे-कुर्ला संकुल खाजणात भराव टाकून उभे राहिले. पण पूर आला की ‘अतिक्रमण’ हा शब्द फक्त काठावरच्या झोपड्यांना चिकटतो. झोपडी हटते, भराव राहतो.

नाल्यात घरे असू नयेत, हे आम्हालाही मान्य आहे. तिथे राहण्याची हौस कुणालाच नसते. प्रश्न पुनर्वसन कुठे आणि कसे, हा आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या रहिवाशांना माहुलला पाठवले गेले, तेव्हा तिथल्या प्रदूषणामुळे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २०१९ साली न्यायालयाने तिथे जायला नकार देणाऱ्यांना दरमहा १५ हजार रुपये भाडे देण्याचे आदेश दिले. नाला रुंद करण्याच्या आराखड्यात पुनर्वसनाची जागा आणि खर्च पहिल्या पानापासून असलाच पाहिजे.

नुकसान कशात मोजायचे?

कोणते काम आधी करायचे, हे ठरवताना खर्च आणि वाचणारे नुकसान यांची तुलना होते. इथेच डाव उलटतो. नुकसान फक्त रुपयांत मोजले तर तळघरात उभी असलेली एक महागडी गाडी चाळीतल्या अख्ख्या रांगेपेक्षा ‘मौल्यवान’ ठरते. काम तिकडे आधी जाते.

आमचे म्हणणे असे की बुडालेली मजुरी, भिजलेली जात प्रमाणपत्रे आणि शाळेचे दाखले, वाया गेलेले धान्य, लेप्टोस्पायरोसिसचा ताप, शिलाई मशीन बिघडल्याने थांबलेले घर, हेही नुकसानच आहे आणि ते मोजले गेले पाहिजे. ज्या घराला पुन्हा उभे राहायला जास्त महिने लागतात, त्याचा क्रम वर असला पाहिजे.

गाळात उतरणारे हात

मुंबईतल्या अनेक पावसाळी नाल्यांत सांडपाणीही वाहते. ते साफ करायला कोण उतरते, हे आपल्याला सांगायला नको. २०१३ चा कायदा गटारात व सेप्टिक टँकमध्ये माणसाला संरक्षक साधनांशिवाय उतरवण्यास बंदी घालतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. पण भरपाई हा शेवटचा मुद्दा झाला. यंत्र पोहोचेल एवढा रस्ता, मोठे झाकण आणि यंत्राचा खर्च मूळ आराखड्यात नसेल, तर तो आराखडा माणूस आत उतरवण्याचाच आहे, असे समजावे.

आपण काय करायचे?

१. येत्या पावसाळ्यात पाणी शिरलेल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर पाण्याच्या उंचीची खूण करा. तारीख, पाणी शिरल्याची व ओसरल्याची वेळ आणि त्या दिवशीची भरतीची वेळ वहीत लिहा. तीन पावसाळ्यांची अशी वही हा पुरावा असतो.

२. आपले गटार कोणत्या नाल्याला आणि तो नाला कुठे मिळतो, हे चालत जाऊन बघा. अरुंद मोरी, वाहिनीत घुसवलेल्या केबल, तुटलेली झाकणे यांचे फोटो काढा.

३. माहिती अधिकारात विचारा : आमचा नाला किती मिमी पावसासाठी आखला आहे? त्याचे तोंड भरतीपेक्षा वर आहे की खाली? गाळ काढण्यापूर्वी आणि नंतर तळाची पातळी किती होती? गाळाचे वजन सांगतात, पण पाणी वाहायला खोली लागते.

४. २००५ सारखा पाऊस कोणताही नाला पेलणार नाही. म्हणून वस्तीतले विहार आणि शाळा यांपैकी उंचावर काय आहे, म्हातारी माणसे आणि लहान मुले तिथे कोण नेणार, हे आधीच ठरवा. दाखले प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवा.

५. वॉर्ड ऑफिसात जाताना ‘नाला साफ करा’ एवढेच मागू नका. ‘आमच्या पाणलोटाचा आराखडा दाखवा आणि कामाचा क्रम कशावर ठरवला ते सांगा’ असे लेखी मागा.

महाडला बाबासाहेबांनी पाण्यावरचा हक्क मागितला. आज आपल्या वस्त्यांना घरात न शिरणाऱ्या पाण्याचाही हक्क मागावा लागतो आहे. तो मागताना हातात निवेदन असावे आणि निवेदनाला आपली वही जोडलेली असावी.